फेझला एक दिवस आधी

ट्रॉय, मिशिगन
११ जानेवारी

प्रिय वहिनी,

आपण मोरोक्कोला जातो आहोत. बावीस एप्रिलला निघायचं. जागा धरून झाल्या आहेत, तेव्हा ‘विचार करून कळवते’ असलं उत्तर पाठवू नकोस.

दादाला जाऊन तीन वर्षं होतील. या तीन वर्षांत तू पार्सिपनीच्या बाहेर दोनदा पडलीस. दोन्ही वेळा माझ्याकडे आलीस आणि दोन्ही वेळा राजस तुला पोचवायला आणि न्यायला आला, जसं काही तू एखादं पार्सल आहेस. तू त्र्याहत्तर वर्षांची आहेस, मी एकाहत्तर. आपण दोघी अजून जिने चढतो. आता नाही तर कधी?

कार्यक्रम ऐक. फेझ, मेकनेस, रबात आणि मराकेश. चारही जुन्या राजधान्या, अकरा दिवस. फेझ बाराशे वर्षांचं शहर आहे. जुन्या भागात मोटार शिरूच शकत नाही, गॅसचे सिलिंडरसुद्धा खेचरावरून जातात. तिथलं जे जुनं विद्यापीठ आहे ते एका बाईने वडिलांकडून वारशाने आलेल्या पैशातून उभं केलं असं सांगतात. नवव्या शतकात! हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. तेहतीस वर्षं मोटारींच्या रंगांच्या लॅबमध्ये काढली, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

टूर शिकागोच्या एका कंपनीची आहे. सोळा माणसं, प्रत्येक शहरात तिथलाच गाइड. आपल्या मंडळाची टूर मी मुद्दाम टाळली. ते मागच्या वर्षी इस्तंबूलला जाऊन आले आणि परतल्यावर सगळ्यांनी मला एवढंच सांगितलं, की पोहे कुठल्या हॉटेलात मिळाले.

तुझ्या पासपोर्टचा नंबर आणि तारीख मी राजसकडून टेक्स्टवर मागवून घेतली. कारण विचारू नकोस म्हटलं त्याला. उत्तर पत्रानेच दे. तुमच्या घरातला फोन सदा स्पीकरवर असतो आणि मला तुझं मत हवं आहे, सगळ्या किचनचं नको.

तुझी,
उत्तरा


पार्सिपनी, न्यू जर्सी
१९ जानेवारी

प्रिय उत्तरावन्सं,

तुमचं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं. पुसायचंसुद्धा सुचलं नाही. तशीच टेबलाशी बसून पत्र पुन्हा वाचलं.

मी येणार! बघा, विचारसुद्धा केला नाही.

संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं. राजस म्हणाला, “आई, तू आणि आत्या? अकरा दिवस एका खोलीत? मोरोक्कोची काळजी वाटते मला.” नेत्राने लगेच मला चालायचे शूज ऑर्डर केले. शिवने टीव्हीवर फेझच्या गल्ल्या लावून दाखवल्या. एवढ्या अरुंद, की समोरून खेचर आलं तर भिंतीला पाठ टेकवून उभं राहायचं. खेचरवाला ‘बालाक, बालाक’ ओरडतो, म्हणजे ‘बाजूला व्हा’. आता आमची आन्या दिवसभर घरात ‘बालाक’ करत फिरते आणि मी फ्रिजला पाठ लावून उभी राहते. चामडं रंगवायच्या मोठमोठ्या हौदांकडे जाताना नाकाशी धरायला पुदिना देतात म्हणे. इतका वास असतो. मला तो वाससुद्धा घ्यायचा आहे.

रोज मॉलमध्ये चालायला सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी तीन फेऱ्या, काल सात.

वन्सं, एक विचारू का? तो फॉर्म असतो ना, माझा माझ्याकडेच पाठवता का? मीच भरून पाठवते. तुमच्या एकटीवर दोघींचं काम कशाला?

तुमची,
अहिल्या


ट्रॉय
६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फॉर्म कधीच भरून गेला. तुझं अक्षर वळणदार आहे हे मान्य, पण ते चौकटीत राहत नाही. सोबत दोघींच्या तिकिटांची प्रत जोडली आहे, जपून ठेव. न्यूयॉर्कहून सगळा ग्रुप एकाच विमानाने निघणार. मी आदल्या दिवशी तुमच्याकडे येईन. नेत्राला सांग, माझ्यासाठी काही खास करायचं नाही. साधं वरण-भात पुरे.

आता खरी बातमी. मी अरबी शिकते आहे! दर शनिवारी डिअरबॉर्नला जाते, चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून. बाई येमेनच्या आहेत, माझ्या निम्म्या वयाच्या, आणि अतिशय कडक. मला पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासारखं भेटलं. परवा मी गृहपाठ केला नव्हता, तर म्हणाल्या, “सिस्टर उत्तरा, इथे वयाची सवलत नाही.” मी खूश झाले. घरी येऊन अठ्ठावीसच्या अठ्ठावीस अक्षरं दहा वेळा काढली.

कंपनीने फेझच्या गाइडचं नाव कळवलं आहे. हनान. ती जुन्या शहरातच वाढलेली आहे आणि विद्यापीठात इतिहास शिकलेली आहे. बाई गाइड! मी तिच्यासाठी आतापर्यंत एकोणीस प्रश्न काढले आहेत. तूही काढ. नुसतं ‘किती छान’ म्हणत मागे चालायचं नाही.

एक मोठी बॅग, एक पाठीवरची. लोणचं न्यायचं नाही. हे मी तुला ओळखते म्हणून लिहिते आहे.

तुझी,
उत्तरा


पार्सिपनी
२७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नका.

मला येता येणार नाही. गुडघे दुखतात. मॉलच्या फेऱ्या जास्त झाल्या असाव्यात. तिथे चढउतार फार, दगडी रस्ते, माझ्यामुळे सगळ्या ग्रुपला थांबावं लागेल. माझ्या जागी मंडळातल्या कुणाला घेऊन जा. माझं काही वाटून घेऊ नका, तुम्ही मात्र नक्की जा.

फेझच्या जुन्या शहराचा मोठा दरवाजा बाहेरून निळा आहे आणि आतून हिरवा. शिवने दाखवला. तो दोन्ही बाजूंनी नीट बघा आणि मला लिहा, कुठली बाजू जास्त चांगली दिसते.

अहिल्या


ट्रॉय
५ मार्च

वहिनी,

गुडघे? जानेवारीत सात फेऱ्या मारणारे गुडघे?

मला सगळं समजलं. एप्रिलमध्ये शाळेला स्प्रिंग ब्रेक असतो. शिव आणि आन्याला कोण सांभाळणार, हा प्रश्न कुणीतरी तुझ्यासमोर टाकला असेल. गोड आवाजात टाकला असेल. तू लगेच गुडघे पुढे केलेस. तू आयुष्यभर हेच केलंस. आईसमोर केलंस, दादासमोर केलंस, आता सुनेसमोर करतेस.

मी काल राजसला ऑफिसात फोन केला. त्याला स्पष्ट सांगितलं, की तुझी आई म्हणजे घरची फुकटची बेबीसिटर नाही. तो ‘आत्या, वन मिनिट, मी मीटिंगमध्ये आहे’ म्हणत होता. मी म्हटलं, मीटिंगलाही ऐकू दे.

जागा सोडायची की ठेवायची हे कंपनीला एकवीस मार्चच्या आत सांगायचं आहे. वेटिंग लिस्टवर माणसं आहेत, त्यानंतर काही करता येणार नाही. तेव्हा खरं कारण लिही. आणि जे असेल ते सरळ लिही, मी कागदाची माणूस आहे.

उत्तरा


पार्सिपनी
११ मार्च

प्रिय वन्सं,

तुमच्या फोनने आमच्या घरात काय झालं ते आधी सांगते. राजस घरी आला तो बूट न काढताच आत. “आई, काय यार! आत्याने मला सगळ्या टीमसमोर झापलं. मी तुला कधी नाही म्हटलं?” नेत्राच्या डोळ्यांत पाणी. “आई, मी तर तुमच्यासाठी स्प्रिंग ब्रेकला सुट्टी टाकली आहे. शूज मी आणले. आणि आत्यांना मीच व्हिलन दिसते?” शिव खाली आला आणि विचारतो, “आजी, आर यू ग्राउंडेड?”

माझ्या एका खोट्याने त्या पोरीला बोल लागला. म्हणून आता खरं लिहिते. सांगणार नाही असा शब्द मी तुमच्या दादांना दिला होता. आज मोडते.

तुम्ही पाठवलेल्या तिकिटावर अहिल्या खांबेटे असं नाव आहे. माझ्या पासपोर्टवर ते नाव नाही. तिथे कालिंदी आहे. माझं माहेरचं.

लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. तशीच रीत होती, माझ्या आईचंही बदललं होतं. पण नंतर कुणी ‘अहिल्या’ अशी हाक मारली की मी ओ द्यायची नाही, आणि सासूबाईंना वाटायचं, सुनेला गुर्मी आहे. मला खरोखर कळायचंच नाही की मला हाक मारली आहे. चार-सहा महिने असेच गेले.

मग अमेरिकेचं ठरलं. पासपोर्टचा फॉर्म भरायला हे बसले आणि त्यांनी मला विचारलं, “तुला कुठलं नाव हवं?” वन्सं, मला तोपर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं. मी पेटीतून माझं बी. ए.चं सर्टिफिकेट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. ते म्हणाले, “तुझ्या बी. ए.च्या सर्टिफिकेटवर जे आहे तेच घालतो. पण घरी बोलू नकोस. आईला लागेल, आणि नाव उत्तराने सुचवलं आहे, ती घर डोक्यावर घेईल.” सासूबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, कागदपत्रं सगळी झाली. खोटं नव्हतं ते.

घरात त्यांनी मला कायम अहिल्याच म्हटलं. पण बँकेत, डॉक्टरकडे, कुणी ‘कालिंदी’ असं पुकारलं की ते माझ्याकडे बघून हळूच हसायचे. आमचं एवढंच गुपित होतं. सासूबाई गेल्या, हे गेले, तरी ते मी मोडलं नाही. राजसला माझं कागदावरचं नाव माहीत आहे, पण त्याला वाटतं, आत्याला ठाऊकच असणार. आत्याला सगळं ठाऊक असतं.

तिकीट बघून मला वाटलं, आता वन्संना सांगायचं म्हणजे त्यांच्या दादाने त्यांच्यापासून काहीतरी लपवलं होतं हे सांगायचं. त्यापेक्षा गुडघे बरे.

मला जायचं आहे, वन्सं. फार जायचं आहे. शूज घालून मी घरात बसते.

तुमची,
अहिल्या


ट्रॉय
१५ मार्च

प्रिय वहिनी,

आधी काम, मग बाकीचं.

पत्र आलं त्याच दुपारी शिकागोला फोन केला. विमान कंपनी तिकिटावरचं पहिलं नाव बदलून देत नाही, ते तिकीट रद्द करून नवं काढावं लागतं. रद्द झालेली जागा विमानाच्या वेटिंग लिस्टवाल्याला जाते, आणि ग्रुपच्या विमानात आता दुसरी जागा नाही. मी तिथल्या मुलीला दीड तास फोनवर धरून ठेवलं. शेवटी ती म्हणाली, “मॅम, आदल्या दिवशीच्या फ्लाइटवर एक सीट आहे.” न्यूयॉर्क ते कासाब्लांका, तिथे विमान बदलून फेझ. तुझ्या खऱ्या नावाने ती सीट मी धरली आहे. एकवीस तारखेपर्यंत हो म्हणायचं आहे.

म्हणजे तुला एकटीने जावं लागेल. मी तुझ्या मागोमाग दुसऱ्या दिवशी येणार. तू आयुष्यात एकटी विमानात बसलेली नाहीस हे मला माहीत आहे. या वेळी मी ‘तू जाणारच’ असं लिहीत नाही. विचारते आहे. जाशील का?

आता बाकीचं. मी तेव्हा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आईने विचारलं, सुनेचं नाव काय ठेवायचं? मी अभ्यासाच्या पुस्तकातून मानसुद्धा वर केली नाही. म्हटलं, अहिल्या. थोर नाव होतं, मला वाटलं मी तुझा मानच करते आहे. तुला विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि हीच मी, लग्न केलं नाही, आडनावाला कुणाला हात लावू दिला नाही, आणि कॉलेजच्या वादविवादात बायकांच्या हक्कांवर दोनदा पहिली आले. तुझं नाव पासपोर्टवर काय आहे हेसुद्धा विचारायची मला गरज वाटली नाही. मी ते लिहूनच टाकलं. दुसऱ्यांदा.

माझं चुकलं. मी हे एकदाच लिहिते, कारण दोनदा लिहिलं की ते रडगाणं होतं.

दादाने लपवलं याचा मला राग आला नाही. दहा मिनिटं आला होता. मग हसू आलं. आमच्या घरात एवढं धाडस कुणाकडे असेल तर ते माझ्याकडे, असं मी धरून चालले होते.

राजसला आणि नेत्राला मी वेगळं पत्र टाकलं आहे. नेत्राचं आधी.

तुला मी काय म्हणायचं ते तू सांग. मी सुचवणार नाही. आणि ते ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ आता बंद कर. मी तुझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.

उत्तरा


पार्सिपनी
१९ मार्च

प्रिय उत्तरा,

‘तुला’ असं लिहायला घेतलं आणि पेन तीनदा थांबलं. पण लिहिते. तुला कळवायचं आहे, की मी जाईन.

राजस म्हणाला, “मी येतो तुझ्याबरोबर, फेझला सोडून लगेच परत फिरतो.” मी म्हटलं, नको. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. नेत्रा म्हणाली, “चला आई, ट्रायल रन.” रविवारी मला गाडीत घालून तिने सरळ एअरपोर्टला नेलं. बॅग कुठे द्यायची, बोर्डवर गेट कसं बघायचं, सगळं दाखवलं. मग मला एकटीला एका टोकाला सोडून स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. मी पोचले तिच्यापर्यंत. वाटेत कॉफीपण घेतली. तुझं पत्र तिला मिळालं. तिने ते फ्रिजला लावलं आहे.

नावाचं विचारलंस. अहिल्या मला नकोसं नाही. पन्नास वर्षांच्या आसपास वापरलं, त्याच नावाने राजस झाला, त्याच नावाने ह्यांनी हाक मारली. घरात ते राहू दे. पण या प्रवासाला मी कालिंदी म्हणून निघते आहे. तू तेच म्हण. चुकलीस तर मी ओ देणार नाही, मला सवय आहे.

कंपनीला आज फोन करून हो सांगितलं. मी स्वतः सांगितलं.

कालिंदी


फेझ
२३ एप्रिल, सकाळ

प्रिय उत्तरा,

हे पत्र हॉटेलच्या डेस्कवर ठेवून जाते आहे. तू दुपारी तीनला पोचशील असं हनान म्हणाली.

मी आले! कासाब्लांकाला विमान बदलताना गेट बदललं होतं. बोर्डावर बघून मी बरोबर गेटला पोचले, आणि एक अमेरिकन आजोबा चुकीच्या रांगेत उभे होते त्यांनाही घेऊन गेले. फेझच्या एअरपोर्टवर एक बाई पाटी धरून उभी. पाटीवर माझं नाव. नुसतं नाव नव्हे, मोठ्या अक्षरांत! मी तिच्यापर्यंत जवळजवळ पळतच गेले. ती हनान. म्हणाली, “मादाम कालिंदी, ग्रुप उद्या येणार, आज तुम्हीच माझा ग्रुप.”

उत्तरा, हे शहर कसं सांगू? निळ्या दरवाजातून आत शिरलो आणि एकदम ऊन संपलं. वर आकाशाची फक्त एक चीर. दोन्ही बाजूंना पितळेची ताटं ठोकणारे, लाकडाच्या भुशाचा वास, कुठेतरी ब्रेड भाजल्याचा वास. गल्लीतल्या बायका घरून मळून आणलेल्या भाकऱ्या फळीवर ठेवून भट्टीवाल्याकडे देतात आणि तासाने भाजून घेऊन जातात. प्रत्येकीची भाकरी तो कशी ओळखतो? मी हनानला विचारलं. ती म्हणाली, हा प्रश्न पंधरा वर्षांत कुणी विचारला नाही. तिने भट्टीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, प्रत्येक घरची बाई बोटाने आपली खूण दाबते. त्याने मला खुणा दाखवल्या. मग एक गोळा माझ्यापुढे सरकवला. मी माझी खूण दाबली. तासाभराने जाऊन माझी भाकरी घेऊन आले, शंभर भाकऱ्यांतून त्याने बरोबर काढून दिली.

त्या बाईच्या विद्यापीठापाशी गेलो. ते मशिदीतच आहे, तिथे आत आपल्याला जाता येत नाही, पण दारातून अंगण दिसतं. पांढरं स्वच्छ अंगण, मधे कारंजं. मी खूप वेळ उभी राहिले. हनानने विचारलं, “थकलात?” मी म्हटलं, नाही, बघते आहे.

खेचरं खरंच अंगावरून जातात. हौदांचा वास पुदिन्याला पुरून उरतो. तुझे एकोणीस प्रश्न तूच विचार, मी माझे विचारून घेतले.

ग्रुपचा कार्यक्रम उद्यापासून आहे. हनान आज तुम्हा सगळ्यांना आणायला जाणार, म्हणून आज माझ्याबरोबर कुणी नाही. तिने मला कागदावर वाट काढून दिली आहे. कुंभारांच्या गल्लीपर्यंत जायचं, तिथे एका म्हातारीकडे चहा घ्यायचा आणि परत. दोनदा डावीकडे, मग मोठ्या दरवाजापर्यंत सरळ. चुकले तर विचारेन.

खोलीची किल्ली डेस्कवर आहे. खिडकीजवळचा पलंग मी घेतला आहे. टेबलावर अर्धी भाकरी ठेवली आहे, तुझ्यासाठी. हात-पाय धुऊन घे, भाकरी खा, आणि मला शोधायला कुणाला पाठवू नकोस. मी बाहेर गेले आहे. माझी वाट बघ.

कालिंदी